बाळंतपणानंतरचं नैराश्य: नर्सने काय पाहावं, कसं विचारावं आणि घरी पाठवताना काय सांगावं

प्रश्न असा आहे. प्रसूतीनंतरच्या वॉर्डातल्या एका नर्सने तिसऱ्या दिवशी बाळंतिणीकडून एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारा फॉर्म, म्हणजेच एडिनबरा स्केल) भरून घेतली. बेरीज ९ आली, ठरलेल्या आकड्याच्या खाली, म्हणून केसपेपरवर ‘नॉर्मल’ अशी नोंद झाली. पण बाळ रडलं तरी ही बाई मान वळवत नाही आणि काही विचारलं की ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणते. आता पुढचं मूल्यमापन कसं करायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी तिला व घरच्यांना नेमकं काय समजावायचं?

आधी त्या ‘नॉर्मल’वर विसंबणं सोडा. फॉर्म भरताना तिच्या शेजारी कोण बसलं होतं, तिने तो स्वतः वाचला की कुणी वाचून दाखवला, आणि बेरीज कुणी केली, हे कळल्याशिवाय ९ या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत, म्हणजे बाळाच्या रडण्याकडे तिचं लक्षच नसणं, ते या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. दोन्ही गोष्टी जुळत नसतील तर जे दिसतंय त्याच्या बाजूने झुकायचं आणि पुन्हा बोलायला बसायचं.

बाळंतीण मनातलं लपवते, आणि त्याला कारणं असतात. सगळे आनंदात असताना आपल्याला काहीच वाटत नाही असं बोलून दाखवलं तर आपण वाईट आई ठरू, अशी तिला भीती असते. बाळ आपल्याकडून काढून घेतील, घरी कळेल, कागदावर कायमचं लिहिलं जाईल, ही भीती त्याहून मोठी. म्हणून मूल्यमापनाचं पहिलं काम ही भीती कमी करण्याचं आहे. प्रश्नावली त्यानंतर.

एकांत मिळवा. नातेवाइकांना ‘ड्रेसिंग बघायचंय’ किंवा ‘तपासणी करायचीय’ असं सांगून पंधरा-वीस मिनिटं बाहेर पाठवता येतं. तिच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसा. उभ्या माणसाला कुणी लांबलचक उत्तर देत नाही. वेदना असतील तर आधी त्या कमी करा, बाळाला पाजून झालेलं असू द्या. मग सुरुवात अशी: ‘बाळंतपणानंतर खूप जणींना मन उदास होणं, रडू येणं, भीती वाटणं असा त्रास होतो. तो आजार असतो आणि बरा होतो. म्हणून मी इथल्या प्रत्येक आईला हे प्रश्न विचारते.’ ‘प्रत्येक’ हा शब्द विसरू नका. आपल्यालाच वेगळं काढून विचारतायत असं तिला वाटलं की तिचं बोलणं तिथेच थांबतं. जे ती सांगेल त्यातलं काय गुप्त राहील आणि काय डॉक्टरांना सांगावं लागेल (तिच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असेल तर), तेही आधीच स्पष्ट करा. गुप्ततेचं सरसकट आश्वासन देऊन नंतर ते मोडलंत तर ती पुन्हा कुणापाशीच बोलणार नाही.

आता प्रश्नावलीबद्दल. एडिनबरा स्केल १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी प्रसिद्ध केलं. त्यात १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि विचारलेला काळ मागच्या ७ दिवसांचा. ते खास बाळंतिणींसाठी बनवलं याचं कारण सोपं आहे. नैराश्याच्या सर्वसाधारण प्रश्नावल्या थकवा, झोप, भूक यांबद्दल विचारतात आणि नव्या आईच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी तशाही बिघडलेल्या असतात. पीएचक्यू-९ ही अशीच नऊ प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली वापरताना ही अडचण हमखास येते: नैराश्य नसलेली आईसुद्धा केवळ जागरणामुळे पाच-सहा गुण मिळवते. एडिनबरामध्ये झोपेचा प्रश्न आहे, पण तो दुःखामुळे झोप न लागण्याबद्दल आहे, बाळामुळे जागं राहण्याबद्दल नाही. हा फरक तिला समजला आहे ना, ते पाहा.

गुण मोजण्यातली चूक फार वेळा होते, आणि ती धोकादायक असते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात वरचा पर्याय ० आणि खालचा ३. उरलेल्या सातही प्रश्नांत, म्हणजे तिसरा आणि पाचवा ते दहावा, क्रम उलटा: वरचा पर्याय ३, खालचा ०. घाईत सगळे प्रश्न एकाच दिशेने मोजले तर खूप आजारी असलेल्या बाईची बेरीज कमी भरते आणि ठणठणीत बाईची जास्त. तुमच्या ९ ची बेरीज पुन्हा करा. रिकामा सोडलेला प्रश्न ० धरला गेलाय का तेही पाहा. बायका नेमका नको असलेला प्रश्न रिकामा सोडतात.

तिला वाचता येत नसेल तर नातेवाइकाकडून वाचून घेऊ नका. तुम्ही स्वतः एकसुरात, चारही पर्याय पूर्ण वाचा. ‘तसं काही नाही ना?’ अशा सुरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच येतं. भाषेचा अडसर असेल तर दुभाषी घरचा नसावा.

साधारणपणे १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरून सविस्तर बोलायचं, १३ किंवा जास्त आले तर नैराश्य असण्याची दाट शक्यता मानून डॉक्टरांकडे, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांकडे, पाठवायचं. १० ते १२ मध्ये अडकलेल्या बाईची प्रश्नावली दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची. वेगवेगळ्या भाषांतल्या रूपांसाठी हे आकडे थोडे वेगळे ठरवलेले असतात, म्हणून तुम्ही वापरता त्या भाषेतला पडताळलेला आकडा फॉर्मवर लिहून ठेवा. हे स्केल निदान करत नाही. निदान बोलण्यातून आणि तपासणीतून होतं.

बेरजेपलीकडे दोन गोष्टी वेगळ्या पाहायच्या. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न स्वतःला विनाकारण दोष देणं, चिंता आणि घाबरणं याबद्दल आहेत. बाकी कमी आणि हे तीनच जास्त असतील तर चिंतेचा विकार असू शकतो, आणि तो एकूण बेरजेत लपून जातो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे ० सोडून काहीही आलं, अगदी ‘क्वचितच’ला मिळणारा १ आला, तरी एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच वेळी, त्याच बैठकीत पुढचं विचारायचं. दुसऱ्या पाळीवर ढकलायचं नाही.

आणखी एक अडचण या केसमध्येच आहे: तिसरा दिवस. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी निम्म्याहून अधिक बायकांना रडू येणं, चिडचिड, क्षणात हसू क्षणात आसू असं होतं. त्याला बेबी ब्लूज म्हणतात. पाचव्या दिवसाच्या आसपास ते सर्वात जास्त असतं आणि दहा ते चौदा दिवसांत आपोआप जातं. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचा आकडा जास्त आला तरी फसवा असू शकतो आणि कमी आला तरी पुढची हमी देत नाही, कारण नैराश्य बहुतेकदा नंतर, काही आठवड्यांत डोकं वर काढतं. डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली, गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४ आठवड्यांत सुरू झालेल्या नैराश्यालाच हे नाव देते; प्रत्यक्ष काम करताना मात्र पूर्ण पहिलं वर्ष डोळ्यासमोर ठेवावं लागतं. साधारण सात-आठ आयांमागे एकीला हा आजार होतो.

ब्लूजमध्ये बाई रडते, पण बाळाने जांभई दिली की हसते, घरचं कुणी आलं की खुलते. नैराश्यात हा चढउतार दिसत नाही: मन सुन्न राहतं, किंवा सकाळपासून रात्रीपर्यंत जड राहतं, दोन आठवड्यांहून जास्त. तुमच्या रुग्णाचं ‘न रडणं’ म्हणूनच मला तिच्या रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तिसऱ्या दिवशी ढसाढसा रडणारी बाई वॉर्डात सगळ्यांच्या लक्षात येते. भिंतीकडे तोंड करून शांत पडलेली ‘समजूतदार पेशंट’ ठरते.

बोलताना ‘तुम्ही उदास आहात का?’ हा प्रश्न पुरत नाही. अनेक जणी त्याला नाही म्हणतात, कारण त्यांना उदास वाटत नाही, काहीच वाटत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा.

झोपेबद्दल: ‘बाळ झोपलंय, दुसरं कुणीतरी त्याला सांभाळतंय, तेव्हा तुम्हाला झोप लागते का?’ संधी मिळूनही झोप न लागणं, किंवा पहाटे तीनला जाग येऊन विचारांचं चक्र सुरू होणं, हे माझ्या मते सर्वात उपयोगी लक्षण आहे. आवडीबद्दल: ‘आधी जे करायला बरं वाटायचं त्यातलं आता कशाने बरं वाटतं?’ बाळाबद्दल: ‘बाळाला घेतल्यावर काय वाटतं? काही आयांना सुरुवातीला माया वाटतच नाही, परकं वाटतं. तुमचं कसं आहे?’ उत्तरातला वाईट पर्याय आधी तुम्ही उच्चारला की तिला तो निवडणं सोपं जातं. अपराधीपणाबद्दल: ‘माझ्याऐवजी दुसरी कुणी या बाळाची आई असती तर बरं झालं असतं, असं वाटतं का?’ भुकेबद्दल: ‘जेवण चवीने जातं की ढकलावं लागतं?’ यासोबत निर्णय घेता न येणं, लक्ष न लागणं, सतत काहीतरी वाईट होईल अशी धास्ती, छातीत धडधड यांचीही चौकशी करा.

मग इतिहास. पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, आधीच्या बाळंतपणात असं झालं होतं का, याच गरोदरपणात मन खचलेलं होतं का? पुढच्या धोक्याचा अंदाज यातून सर्वात चांगला येतो. गरोदरपण हवं होतं का, प्रसूती भीतिदायक झाली का, बाळ नवजात अतिदक्षता विभागात आहे का, आधी एखादं मूल गेलंय का, जुळी आहेत का, घरात मदतीला कोण आहे, पैशांची ओढाताण आहे का. घरात मारहाण किंवा धमक्या होतात का, हा प्रश्न ती पूर्ण एकटी असतानाच विचारा. दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या यांचंही विचारून घ्या.

एक प्रश्न कधीच गाळू नका: ‘आयुष्यात कधी असे दिवस आले का, की दोन-तीन तासच झोपूनही थकवा नव्हता, डोक्यात विचार धावत होते, खूप बोलत होतात, खर्च किंवा धाडस नेहमीपेक्षा जास्त होत होतं?’ आणि ‘घरात कुणाला बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) किंवा बाळंतपणानंतर वेड लागल्यासारखं झालं होतं का?’ उत्तर हो असेल तर ते ठळक लिहून डॉक्टरांना सांगा. बायपोलर आजार न ओळखता नुसतं नैराश्यविरोधी औषध सुरू केलं तर उन्माद उसळू शकतो. शिवाय प्रसूतीनंतरच्या सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका याच बायकांना सर्वात जास्त असतो.

शरीराकडे दुर्लक्ष नको. रक्तस्राव जास्त झाला असेल तर हिमोग्लोबिन पाहा; रक्ताल्पतेतला थकवा आणि मरगळ नैराश्यासारखी दिसते, आणि दोन्ही एकत्रही असतात. प्रसूतीनंतर काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊ शकते: आधी हार्मोन वाढून धडधड आणि चिडचिड, मग कमी होऊन सुस्ती, वजनवाढ, उदासी. म्हणून उशिरा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर लक्षणं सुरू झालेल्या बाईची टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासणी डॉक्टरांना आवर्जून सुचवा. बी-१२ ची कमतरता, टाक्यांचं दुखणं, ताप, स्तनातली गाठ यांचीही खात्री करा. रक्तदाबासाठी गरोदरपणात मिथाइलडोपा सुरू असेल आणि प्रसूतीनंतरही तसंच चालू राहिलं असेल तर लक्षात आणून द्या. हे औषध मन खाली ओढू शकतं, म्हणून प्रसूतीनंतर दोन दिवसांत ते बदलण्याचा सल्ला दिला जातो.

आई आणि बाळाला एकत्र पाहणं हा मूल्यमापनाचा वेगळा भाग आहे आणि तो पाजण्याच्या वेळी सहज होतो. ती बाळाच्या डोळ्यांत पाहते का, त्याच्याशी बोलते का, रडण्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करते का, की यंत्रासारखं उचलून यंत्रासारखं खाली ठेवते? दर पाच मिनिटांनी बाळाचा श्वास तपासणं, कुणालाच बाळ घेऊ न देणं हीसुद्धा खूण आहे, फक्त उलट दिशेची. बाळाचं वजन, दूध ओढणं, लघवीने ओले होणारे लंगोट (पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त) यांची नोंद ठेवा. वजन अडलं असेल तर बाळाइतकंच आईकडेही पाहायचं असतं.

आता आत्महत्येचा प्रश्न. तो विचारल्याने विचार डोक्यात येतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुतेकींना सुटल्यासारखं वाटतं. पायरी पायरीने जा. ‘जगणं नकोसं झालंय, झोपून उठूच नये, असं वाटतं का?’ हो आलं तर: ‘स्वतःचा जीव घ्यावा असा विचार येतो का?’ मग: ‘कसं करायचं याचा विचार केलाय का? ते साधन घरात आहे का? कधी करायचं असं ठरवलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? आजवर कशामुळे थांबलात?’ नंतर बाळाबद्दल: ‘बाळाला काही इजा होईल किंवा तुमच्या हातून होईल असे विचार येतात का?’ हा शेवटचा प्रश्न विचारायला नर्सना जड जातं, पण तो न विचारण्याची किंमत फार मोठी आहे.

त्याच्या उत्तरातला एक बारकावा नीट समजून घ्या, कारण इथे चुकलं तर दोन्हीकडून नुकसान होतं. कित्येक आयांना ‘बाळ हातातून खाली पडलं तर’, ‘माझ्या हातात सुरी असताना काही झालं तर’ अशी नको असलेली चित्रं डोळ्यांसमोर येतात. त्या विचारांनी ती हादरते, सुरी लपवते, बाळाजवळ एकटी राहायला घाबरते, सांगताना रडते. हे चिंतेचं किंवा ओसीडीचं (नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचं) लक्षण आहे. ती बाळाला इजा करेल अशी शक्यता यात फार कमी असते. तिला ‘असे विचार बऱ्याच आयांना येतात, विचार येणं म्हणजे तसं करणं नव्हे’ असं सांगून उपचारासाठी पाठवायचं. याउलट, तोच विचार ती शांतपणे, पटल्यासारखा सांगत असेल: बाळात काहीतरी वाईट शिरलंय, बाळाला या दुःखातून सोडवायला हवं, कुणीतरी कानात सांगतंय, सोबत दोन-तीन रात्री झोप नाही, बोलणं तुटक, क्षणात गोंधळ क्षणात भान, संशय, तर ही प्रसूतीनंतरची सायकोसिस. हजारात एक-दोन जणींना होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि काही तासांत बिघडते. एक मिनिटही तिला एकटं सोडायचं नाही, बाळ तिच्यासोबत एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरांना तात्काळ बोलवायचं. तिच्याशी वाद घालून तिची समजूत काढत बसू नका. जंतुसंसर्ग, ताप, झटके यांसारखी शारीरिक कारणंही त्याच वेळी तपासली जातील, तोवर नाडी, तापमान, रक्तदाब, रक्तातली साखर नोंदवून ठेवा.

आत्महत्येचा विचार आहे पण योजना नाही, अशा बाईलासुद्धा त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवं. योजना किंवा साधन असेल तर सतत सोबत, खिडकी-गच्ची-औषधांच्या कपाटापासून दूर, आणि वरिष्ठांना वेळेसह कळवणं. नोंदीत ‘रुग्ण उदास’ असं मोघम लिहू नका. लिहा: बेरीज किती, दहाव्या प्रश्नाला किती, तिचे स्वतःचे शब्द अवतरणात, काय दिसलं, कुणाला किती वाजता कळवलं, त्यांनी काय सांगितलं, काय केलं. पुढच्या पाळीच्या नर्सला हे तोंडीही सांगा.

आता शिकवण्याचा भाग. बहुतेक ठिकाणी तो डिस्चार्जच्या कागदावर सही घेताना तीन मिनिटांत उरकला जातो: टाक्यांची काळजी, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि शेवटी ‘आनंदी राहा’. ते वाया जातं. बाळंतिणीच्या मेंदूला झोप नाही, लक्ष टिकत नाही. एका बैठकीत तीन-चार मुद्द्यांपलीकडे काही राहत नाही. म्हणून पहिलं बोलणं शक्य तर गरोदरपणातच, दुसरं वॉर्डात, तिसरं डिस्चार्जला, आणि प्रत्येक वेळी घरी रात्री तिच्यासोबत असणारं माणूस समोर हवं. आजार वाढला की मदत ती मागत नाही, मागतं ते जवळचं माणूस. सांगून झालं की ‘समजलं ना?’ विचारू नका. ‘घरी गेल्यावर कुठली लक्षणं दिसली तर तुम्ही फोन कराल, ते मला तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा. राहून गेलेलं तिथेच कळतं.

तिला सांगायचं ते सोप्या शब्दांत: हा आजार आहे. प्रसूतीनंतर हार्मोन झपाट्याने उतरतात, झोप तुटते, जबाबदारी एकदम येते, आणि काहींच्या मेंदूवर याचा जास्त परिणाम होतो. तुमच्या स्वभावाचा, मायेचा यात दोष नाही. उपचार केले तर बऱ्या व्हाल. न केले तर काही महिने, कधी वर्षभराहून जास्त रेंगाळू शकतो आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होतो. शेवटचं वाक्य अपराधी वाटणाऱ्या आईला सांगताना जपून. तिच्याआधी ते घरच्यांच्या कानावर घाला.

झोपेची योजना ही सर्वात ठोस मदत आहे, आणि ती नुसत्या ‘विश्रांती घ्या’ने होत नाही. सलग चार-पाच तासांची झोप हे उद्दिष्ट ठेवा. समजा रात्री नऊला तिने बाळाला पाजलं, ती वेगळ्या खोलीत झोपली, मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधाने किंवा डॉक्टरांनी सुचवलेल्या वरच्या दुधाने दुसऱ्याने केलं, आणि दोनला ती उठली. कोण, कुठल्या रात्री, किती ते किती, हे कागदावर लिहून द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत इतका वेळ गेला की स्तन दगडासारखे होतात. म्हणून झोपण्याआधी नीट पाजणं आणि उठल्यावर लगेच पाजणं किंवा हाताने दूध काढणं शिकवा, नाहीतर गाठ आणि ताप येऊन योजनाच मोडते. बायपोलरचा इतिहास असलेल्या बाईसाठी ही झोप सोय नसून औषधच आहे.

स्तनपानाबद्दल दोन टोकं टाळा. पाजताना दुखत असेल, बाळ लागत नसेल, तर पकड सुधारून द्या, कारण अपयशाची भावना नैराश्य वाढवते. पण ‘काहीही झालं तरी अंगावरच पाजा’ असा धोशा लावल्यानेही ते वाढतं. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, असं चालतं, हे कुणीतरी अधिकाराने सांगावं लागतं.

औषधांविषयी पहिली शंका नेहमी दुधाचीच असते, आणि याच शंकेने गोळ्या उशीखाली राहतात. नैराश्यावरच्या अनेक औषधांचं दुधात उतरणारं प्रमाण कमी असतं. सर्ट्रालिनचं फार कमी, म्हणून पाजणाऱ्या आईला अनेकदा तेच आधी दिलं जातं, साधारण २५ ते ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून. दूध काढून फेकायची गरज नसते. बाळ फार झोपाळू झालं, नीट ओढत नाही, विनाकारण किरकिरतं, असं वाटलं तर कळवायचं. मुदतपूर्व किंवा आजारी बाळाकडे जास्त लक्ष. आधी तिला एखाद्या औषधाने चांगला गुण आला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, बहुधा तेच निवडलं जातं. वेळेची कल्पना स्पष्ट द्या: पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, जुलाब, थोडी अस्वस्थता वाढू शकते, फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो, पूर्ण गुण सहा-आठ आठवड्यांनी. हे सांगितलं नाही तर ती पाचव्या दिवशी ‘याने तर जास्तच त्रास झाला’ म्हणून बंद करते. बरं वाटल्यावरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवायचं असतं. एकदम थांबवलं तर चक्कर, शॉक बसल्यासारख्या झिणझिण्या, चिडचिड होते. आणि औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच ती अचानक उत्साहाने भरली, झोपेची गरजच उरली नाही, तर आनंद मानू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं झुरानोलोन हे १४ दिवसांचं औषध कुणाला दिलं गेलं तर ते संध्याकाळी स्निग्ध पदार्थांसोबत घ्यायचं आणि पुढचे किमान बारा तास वाहन चालवायचं नाही, एवढं पक्कं बजावा.

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार, विशेषतः विचार-वर्तन उपचार आणि नातेसंबंधांवर काम करणारा उपचार, चांगले लागू पडतात. आपलं ऐकणंसुद्धा कमी लेखू नका. होल्डन आणि सहकाऱ्यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात घरभेटी देणाऱ्या आरोग्य परिचारिकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, बाईचं फक्त नीट ऐकून घेतलं. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६९ टक्के बायका बऱ्या झाल्या होत्या, नेहमीची सेवा मिळालेल्या गटातल्या ३८ टक्के. आत्मीयतेने आणि नियमित वेळेवर ऐकणं हा उपचार आहे.

घरच्यांसाठी वेगळं सांगणं हवं. ‘आम्हीही मुलं वाढवली’, ‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’, ‘मन घट्ट कर’ ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी ती बाई अधिक गप्प होते. त्याऐवजी काम उचला: रात्रीचं एक पाजणं, कपडे, पाहुण्यांना परत पाठवणं. तिला दिवसातून एकदा बाळाशिवाय वीस मिनिटं बाहेर चालायला मिळू द्या. बाळ मात्र तिच्यापासून पूर्ण काढून घेऊ नका. तिला जमेल असं एक काम, अंघोळ किंवा मालीश, तिचंच राहू द्या, सोबत बसून. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलुपात ठेवा. आणि बाळाच्या वडिलांनाही विचारा. साधारण दहातल्या एका बापालाही या काळात नैराश्य येतं, तेव्हा तोच एकटा आधार असेल तर योजना कोसळते.

कागदावर तीन ओळींत लिहून द्या. दोन आठवड्यांनंतरही रडू, उदासी, झोप नाही, बाळाबद्दल काही वाटत नाही: आठवड्याच्या आत भेटा. काम होत नाही, जेवण बंद, सारखं स्वतःला दोष देणं, मरणाबद्दल बोलणं: आजच. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भाषा, भास, विचित्र संशय, रात्रंदिवस जागरण: ताबडतोब आपत्कालीन विभागात, तिला एकटं न सोडता. खाली फोन नंबर, आणि पुढच्या भेटीची तारीख व वेळ. ‘गरज वाटली तर या’ असं लिहू नका. नैराश्यात गरज वाटण्याची शक्तीच आधी जाते.

तुमच्या या रुग्णासाठी म्हणून: आज एकांतात पुन्हा बोला, दहावा प्रश्न तोंडी विचारा, पाजतानाचं निरीक्षण लिहा, डॉक्टरांना आकड्यासोबत जे दिसलं तेही सांगा. दहाव्या ते चौदाव्या दिवशी पुन्हा प्रश्नावली, मग सहाव्या आठवड्यात, आणि बाळाच्या लसीकरणाच्या भेटी येतील तेव्हा तेव्हा. ती स्वतःसाठी येणार नाही, बाळासाठी नक्की येईल. मधल्या काळात, डिस्चार्जनंतर तीन-चार दिवसांनी, फोन करा. ‘कशा आहात?’ऐवजी ‘काल रात्री सलग किती तास झोपलात?’ असं विचारा, मग ‘आज काय जेवलात?’, मग ‘आत्ता जवळ कुणी आहे का, मोकळं बोलता येईल?’ शेवटी मरणाच्या विचारांचा प्रश्न पुन्हा, त्याच स्पष्ट शब्दांत. दोनदा फोन उचलला गेला नाही तर तिने दिलेल्या दुसऱ्या नंबरवर लावा. तो दुसरा नंबर डिस्चार्जच्या आधी घेऊन, तो माणूस खरंच तिच्यासोबत राहतो का, हे तिलाच एकटीला विचारून ठेवलेलं असावं.